हिवाळ्यातले इंग्लंड: थोडे आपल्या मनाने, थोडे सहल कंपनीच्या बसने

मराठी कुटुंबांची इंग्लंडवारी बहुधा शाळांच्या उन्हाळी सुट्टीत होते आणि त्यामुळे ठाण्यातील सहल कंपन्यांची दरपत्रकेही एप्रिल ते जून या तीन महिन्यांभोवतीच फिरतात. मुले मोठी होऊन आपापल्या मार्गाला लागलेल्या आमच्यासारख्या जोडप्यांना मे महिन्याचे बंधन उरलेले नसते. अशाच ग्राहकांसाठी ठाण्यातील एका लहान सहल कंपनीने संक्रांतीनंतर निघणारी एक मिश्र योजना सुरू केली आहे. विमान, व्हिसाचे कागद, लंडनमधील हॉटेल आणि मधले काही दिवस मार्गदर्शकासह बसप्रवास एवढे कंपनीने पाहायचे; लंडनमधले सुरुवातीचे दिवस आणि शेवटचा टप्पा ग्राहकाने स्वतः आखायचा. जानेवारीच्या अखेरीस आम्ही उभयता या योजनेतून जाऊन आलो, त्याचे हे परीक्षण.

माझे मत आधीच सांगते, म्हणजे पुढचे तपशील त्या अंगाने वाचता येतील. इंग्लंडच्या हिवाळ्यात पैसा वाचतो आणि उजेड कमी पडतो. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात लंडनला सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो. जूनच्या अखेरीस तोच दिवस साडेसोळा तासांचा असतो. तेव्हा या मोसमातल्या कोणत्याही सहलीचे मोल तिने हे नऊ तास कसे खर्च केले यावर ठरते. मोकळा भाग आमच्या हाती असल्यामुळे या कसोटीला उतरला. कंपनीच्या भागातील माणसे मनापासून काम करणारी होती, परंतु त्यांच्या हाती दिलेले वेळापत्रक जून महिन्याचे होते.

हिवाळ्यात काय मिळत नाही हे कंपनीने कार्यालयात बसवून स्पष्ट सांगितले, याचे श्रेय तिला द्यायला हवे. बकिंगहॅम राजवाड्याची दालने मुख्यतः उन्हाळ्यातच सर्वांसाठी उघडतात, वारसा वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडील अनेक जुनी घरे थंडीत बंद असतात आणि विंडसरचा किल्ला तर बारा महिने मंगळवारी व बुधवारी बंदच असतो. उलट बाजूला टॉवर ऑफ लंडनमध्ये मुकुटांच्या दालनात रांग जवळजवळ नव्हती. कोहिनूर जडवलेला राजमातेचा मुकुट ज्या सरकत्या पट्ट्यावरून पाहायचा असतो, त्या पट्ट्यावरून परत मागे येऊन पुन्हा जाण्यास कोणी हरकत घेतली नाही. मे महिन्यात जाऊन आलेल्या आमच्या शेजारीणबाईंना तो हिरा पुढच्या माणसाच्या खांद्यावरून ओझरता दिसला होता. थंडीचा मात्र फारसा बाऊ करण्याचे कारण नाही. पारा दुपारी सात-आठ अंशांपर्यंत चढतो आणि बर्फ क्वचितच दिसते. त्रास होतो तो वाऱ्याचा आणि बारीक भुरभुरीचा. त्या वाऱ्यात छत्री उलटी होते, म्हणून टोपी शिवलेले जलरोधक जाकीट घ्यावे आणि छत्री घरी ठेवावी.

नोंदणी आणि व्हिसाच्या कामात कंपनीला पूर्ण गुण द्यावे लागतील. ब्रिटनचा व्हिसा युरोपातील बहुतेक देशांच्या सामाईक शेंगेन व्हिसापासून वेगळा असतो आणि त्याच्या अर्जात सगळ्या मुक्कामाचा तपशील द्यावा लागतो. आम्ही स्वतः आखलेले दिवस कंपनीच्या दिवसांशी जुळवून एकच सुसंगत कार्यक्रमपत्र तयार करण्याचे काम त्यांच्या व्हिसा विभागातील बाईंनी केले, आणि बँकेच्या कागदांत राहिलेली एक उणीव बोटांचे ठसे देण्याच्या तारखेआधीच दाखवून दिली. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ वसूल करायचा प्राप्तिकर, आकारला जातो. त्याचे प्रमाणपत्र न मागता मिळाले, त्यामुळे विवरणपत्र भरताना ती रक्कम वळती करून घेणे सोपे जाईल. दराविषयी एवढेच सांगते की कंपनीच्याच उन्हाळी दरपत्रकाशी ताडून पाहता लंडनच्या खोलीचे भाडे सुमारे दोन तृतीयांश पडले. फेब्रुवारीच्या मध्याला तिकडच्या शाळांना आठवडाभराची सुट्टी असते, तेव्हा हा फायदा आटतो. तो आठवडा टाळूनच तारखा घ्याव्यात.

लंडनचे हॉटेल पॅडिंग्टन स्थानकाजवळ होते. दरपत्रकात त्याचे वर्णन ‘मध्यवर्ती’ असे केलेले आहे आणि ते खरे आहे. लिफ्ट नाही, ही गोष्ट मात्र दरपत्रकात कोठेही लिहिलेली नाही. एकाला एक लागून असलेल्या जुन्या घरांचे हॉटेल केले की जिने अरुंद आणि खोल्या लहान असायच्याच, त्याबद्दल तक्रार नाही. पण साठीच्या पुढच्या ग्राहकांना विकलेल्या सहलीत तिसऱ्या मजल्यावरची खोली देताना हे आधी सांगणे कंपनीचे कर्तव्य होते. विनंती केल्यावर दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरची खोली मिळाली. विमानतळावरून हॉटेलला नेणारी मोटार कंपनी वेगळे पैसे घेऊन देते, तिची गरज नाही. मे २०२२ मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ लाइन हीथ्रोहून थेट पॅडिंग्टनला अर्ध्या तासाच्या आसपास आणून सोडते आणि स्थानकावर लिफ्ट आहे.

शहरातल्या प्रवासासाठी वेगळा पास घेण्याची आवश्यकता नाही. आपले संपर्करहित बँक कार्ड परदेशी व्यवहारांसाठी सुरू करून घ्यावे आणि भुयारी रेल्वेत शिरताना व बाहेर पडताना तेच कार्ड टेकवावे. दिवसाची कमाल मर्यादा गाठली की पुढचे भाडे आपोआप थांबते. प्रत्येकाला स्वतःचे कार्ड लागते, पतीच्या कार्डावर पत्नी जाऊ शकत नाही. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून चालत नाहीत, पण पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी भाडे एकदाच पडते. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर पुढच्या काचेशी बसून भुरभुर पावसात शहर पाहणे हे कोणत्याही फेरफटका बसइतकेच चांगले आहे आणि कितीतरी स्वस्त.

मोकळ्या दिवसांची खरी किंमत आम्हांला कळली ती लंडनच्या वायव्य भागात. कोणत्याही समूह सहलीच्या कार्यक्रमात नसलेली आणि मराठी माणसाने चुकवू नयेत अशी तीन ठिकाणे तेथे एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. पॅडिंग्टनहून कालव्याच्या काठाने थोडे चालल्यावर हाउली प्लेस नावाचा शांत रस्ता लागतो आणि तेथील १० क्रमांकाच्या घरावर लोकमान्य टिळकांच्या नावाची निळी पाटी आहे. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावर लावलेल्या अब्रुनुकसानीच्या दाव्यासाठी १९१८ मध्ये इंग्लंडला गेलेले टिळक या घरात राहिले. दावा १९१९ मध्ये त्यांच्याविरुद्ध गेला. घर खासगी असल्यामुळे रस्त्यावरूनच पाहायचे आणि आवाज न करता पुढे निघायचे. तेथून वीसेक मिनिटांवर लॉर्ड्सचे मैदान. हिवाळ्यात सामने नसतात, म्हणून मार्गदर्शकासह आत फिरवून आणणाऱ्या फेऱ्या निवांत चालतात. संग्रहालयातील ॲशेसचा करंडक वीतभरही उंच नाही हे पाहून सगळेच हसतात. आमचे पाय अडखळले ते पाहुण्या संघाच्या खोलीत, शतकवीरांच्या फलकांपुढे. १९७९, १९८२ आणि १९८६ अशा लागोपाठ तीन कसोट्यांत दिलीप वेंगसरकरांनी या मैदानावर शतके ठोकली. ह्यांनी ती तिन्ही रेडिओवर ऐकलेली असल्यामुळे आमच्या तुकडीच्या मार्गदर्शकाला त्या डावांविषयी बरेच ऐकून घ्यावे लागले.

तिसरे ठिकाण म्हणजे प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेऊन स्मारक केले. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. उघडण्याची वेळ मात्र निघण्यापूर्वी पाहून घ्यावी. खोल्या साध्या आहेत आणि भिंतींवरचा मजकूर वाचायला आपण योजतो त्यापेक्षा अधिक वेळ लागतो. आम्ही गेलो तेव्हा नागपूरकडचे एक कुटुंब आणि आम्ही एवढेच होतो. समूहाच्या बसने आलो असतो तर येथे वीस मिनिटे मिळाली असती, किंवा बहुधा बस आलीच नसती.

पाच वाजता अंधार पडल्यावर काय करायचे, हा प्रश्न हिवाळ्यातल्या लंडनमध्ये रोज उभा राहतो. त्याचे उत्तम उत्तर शुक्रवारी मिळते. त्या दिवशी ब्रिटिश म्युझियम रात्री साडेआठपर्यंत, नॅशनल गॅलरी नऊपर्यंत आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम दहापर्यंत उघडे असते, आणि तिन्हींच्या कायमच्या संग्रहाला तिकीट नाही. दिवसाचा उजेड बाहेरच्या गोष्टींवर खर्च करून संग्रहालये अंधारासाठी राखून ठेवावीत. ब्रिटिश म्युझियममधील आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे आम्ही शुक्रवारी सायंकाळी जवळजवळ एकांतात पाहिली. त्या संगमरवरासारख्या दिसणाऱ्या चुनखडीवरील कोरीवकाम पाहताना ती येथे का आहेत हा प्रश्न मनातून हटत नाही, पण त्याची चर्चा या परीक्षणाच्या कक्षेबाहेरची आहे. खरेदीसाठी जाणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात: मोठी दुकाने रविवारी सहाच तास उघडी असतात, आणि पर्यटकांना दुकानातील खरेदीवर व्हॅट परत मिळण्याची सोय २०२१ पासून बंद झाली आहे.

आता कंपनीच्या बसविषयी. लंडनहून निघालेली बस स्टोनहेंज, बाथ, कॉट्सवोल्ड्स आणि स्ट्रॅटफर्ड अशी जाते. ही ठिकाणे मार्गदर्शित भागासाठी निवडण्यामागे शहाणपण आहे, कारण यांतल्या दोन ठिकाणी रेल्वेने जाणे अवघड आहे. स्टोनहेंजला रेल्वे नाही. सॉल्सबरी स्थानकावर उतरून पुढे बस धरावी लागते. कॉट्सवोल्ड्समध्ये मोर्टन-इन-मार्शपर्यंत गाडी जाते, पण तेथून खेड्यापाड्यांत जाणाऱ्या बस थोड्या आणि रविवारी त्याहून थोड्या. आपली बस दाराशी उभी असणे ही हिवाळ्यात चैन नसून उजेड वाचवण्याचे साधन आहे. ते साधन कंपनीजवळ होते आणि तिने ते पुरेसे वापरले नाही.

पहिल्याच दिवशी स्टोनहेंजच्या वाटेवर बस सवलतीच्या दुकानांच्या एका मोठ्या संकुलाकडे वळवली गेली आणि तेथे दोन तास गेले. जूनमध्ये हा थांबा खपून जातो, कारण नंतर रात्री नऊपर्यंत ऊन असते. जानेवारीत त्याचा अर्थ असा झाला की आम्ही स्टोनहेंजच्या स्वागत केंद्रात पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती, आणि तेथून दोन किलोमीटरवरील शिळांपर्यंत गवतातून चालत जाण्याऐवजी सगळ्यांना केंद्राच्या बसनेच जावे लागले. तरीही जे पाहिले ते विलक्षण होते. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी उभारलेल्या या शिळांची मांडणी उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवसाचा सूर्योदय आणि हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसाचा सूर्यास्त यांच्या रेषेत आहे, आणि खाली आलेल्या फिकट उन्हात त्या रेषेची कल्पना येते. मोठ्या शिळा पंचवीस किलोमीटरवरून, तर लहान निळसर शिळा थेट वेल्समधून आणल्या, हे आमचे सहल व्यवस्थापक सांगत असताना वाऱ्याने त्यांचे अर्धे शब्द उडवून नेले. मंडळींपैकी निम्मे लोक बसमध्ये परतले होते. त्यांना दोष देता येत नाही. दोन तास दुकानांत उभे राहून पाय दमले होते.

बाथ हा या सहलीचा उत्तम दिवस ठरला, आणि त्याचे कारण तेथे कंपनीने नेमलेल्या ब्लू बॅज मार्गदर्शक बाई. ब्लू बॅज ही ब्रिटनमधील मार्गदर्शकांची सर्वोच्च पात्रता असून ती मिळवण्यासाठी दीर्घ प्रशिक्षण आणि परीक्षा द्याव्या लागतात. ऐकणाऱ्याला तो फरक पहिल्या दहा मिनिटांत कळतो. रोमन स्नानगृहातील झऱ्याचे पाणी ४६ अंशांचे असते आणि दिवसाला ११ लाख लिटरहून अधिक वाहते. मोठे कुंड वरून उघडे आहे. बाहेर चार अंश तापमान असताना त्या हिरव्या पाण्यावरून वाफेचे लोट उठत राहतात, जे उन्हाळ्यात कोणाला असे दिसत नाहीत. वज्रेश्वरी-अकलोलीच्या कुंडांत सरळ उतरून अंघोळ करणाऱ्या आपल्या ठाणे जिल्ह्याच्या मंडळींना येथे पाण्याला हातही लावू देत नाहीत याचे वाईट वाटते. ज्यांना त्याच पाण्यात उतरायचे असेल त्यांच्यासाठी जवळच थर्मे बाथ स्पा आहे, पण त्याला वेगळे तिकीट आणि निदान दोन तास लागतात. बाईंनी आमच्या गतीने चालत रॉयल क्रेसेंटपर्यंत नेले. १७६७ ते १७७४ या काळात अर्धचंद्राकार बांधलेल्या त्या तीस घरांपुढे आम्ही पोहोचलो तेव्हा तेथे आमच्याखेरीज कुत्रा फिरवणारे एक गृहस्थ एवढेच होते.

कॉट्सवोल्ड्समध्ये वेळापत्रकाने पुन्हा घात केला. बोर्टन-ऑन-द-वॉटर हे गाव विंडरश नदीवरील बुटक्या पुलांसाठी आणि मधाच्या रंगाच्या चुनखडीच्या घरांसाठी प्रसिद्ध आहे, आणि तो रंग पाहायचा तर उजेड हवा. आम्ही पोहोचलो साडेचारला. चहाची दुकाने बंद होत होती आणि रंग राखाडी झाला होता. “आणखी अर्धा तास थांबता येईल का?” असे एका काकूंनी विचारले, तेव्हा व्यवस्थापकांनी चालकाच्या कामाच्या तासांचा कायदा सांगितला. साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तासाची विश्रांती सक्तीची असते आणि दिवसभराच्या तासांनाही मर्यादा असते, हे सर्व खरे आहे आणि चालकाशी हुज्जत घालणे चूकच. पण हा कायदा कंपनीला बेत आखतानाही ठाऊक होता.

जेवणाची व्यवस्था उदार आहे. रोज रात्री भारतीय जेवण, जैन मंडळींसाठी वेगळी भांडी, आणि विनंती केल्यास उपवासाचेही काही मिळते. चवीबद्दल तक्रार नाही. मात्र त्या जेवणासाठी बस दोन सायंकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला नेली गेली आणि गरम भाताच्या मोहापायी बाथमधील रात्रीचा फेरफटका हुकला. त्या दोन रात्री आम्हांला सुपरमार्केटातील पाव, चीज आणि फळे घेऊन खोलीतल्या किटलीवर चहा केलेला चालला असता, आणि मला वाटते की गटातील आणखी काहींनाही.

स्ट्रॅटफर्डला आम्ही गटाचा निरोप घेतला. शेक्सपिअरच्या जन्मघराच्या बागेत रवींद्रनाथ टागोरांचा अर्धपुतळा आहे, तेवढा पाहून निघालो. अशा रीतीने मधूनच वेगळे होण्यास कंपनीची परवानगी आहे; आपल्या जबाबदारीवर जात आहोत असे एका कागदावर लिहून द्यावे लागते आणि मोठ्या बॅगा बसबरोबर लंडनच्या हॉटेलात परत पोहोचवल्या जातात. ही सोय दरपत्रकात एका ओळीत दडलेली आहे, पण माझ्या मते संपूर्ण योजनेतली ती सर्वांत मोलाची गोष्ट आहे. हातातल्या एका पिशवीनिशी आम्ही स्ट्रॅटफर्डहून बर्मिंगहॅम मूर स्ट्रीटला गेलो, तेथून काही मिनिटे चालत न्यू स्ट्रीट स्थानकात पोहोचलो आणि यॉर्कची थेट गाडी धरली.

रेल्वेच्या तिकिटांविषयी थोडे सविस्तर, कारण येथे पैसा वाचतोही आणि वायाही जातो. विशिष्ट गाडीचे आगाऊ तिकीट बरेच स्वस्त असते, पण ती गाडी चुकली तर ते निरुपयोगी ठरते. दोघांनी एकत्र प्रवास करण्यासाठीचे ‘टू टुगेदर’ रेलकार्ड परदेशी नागरिकांनाही मिळते आणि भाड्यात एक तृतीयांश सूट देते, मात्र कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊपूर्वी चालत नाही. रविवारी रुळांची कामे निघतात आणि गाडीऐवजी बसमध्ये बसवले जाते. मेगाब्लॉक ही केवळ आपली मक्तेदारी नाही, एवढे समाधान मध्य रेल्वेच्या प्रवाशाला तेथे मिळते. परतीचा प्रवास आम्ही म्हणूनच सोमवारी ठेवला होता. यॉर्क ते किंग्ज क्रॉस हे सुमारे तीनशे किलोमीटरचे अंतर दोन तासांच्या आसपास कापले जाते.

यॉर्क थंडीसाठीच बनलेले असावे असे वाटते. शहराचा जुना तट बर्फ साचले की बंद ठेवतात आणि अंधार पडताना रोजच बंद करतात, म्हणून तो सकाळी पाहावा. मिन्स्टर या तेथील जुन्या भव्य चर्चची पूर्वेकडील मोठी काचखिडकी १४०५ ते १४०८ या काळात घडवली गेली. तिच्यासमोर बाके आहेत आणि दुपारपूर्वी तिच्यावर उजेड पडतो. नॅशनल रेल्वे म्युझियमला तिकीट नाही. ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैलांचा वेग गाठणारे मॅलार्ड हे वाफेचे इंजिन तेथे आहे, जपानने दिलेली बुलेट ट्रेन आहे, आणि तिच्या आत बसताही येते. १८५३ मध्ये बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी जेथे येऊन थांबली त्या गावच्या माणसाने या संग्रहालयाला अर्धा दिवस तरी द्यावा. आम्ही अधिक दिला, कारण आम्हांला कोणी शिट्टी वाजवून बसकडे बोलावणार नव्हते.

परतल्यावर कंपनीने धाडलेल्या अभिप्रायपत्रात मी हॉटेलच्या लिफ्टपासून बोर्टनच्या अंधारापर्यंत सर्व लिहून दिले आणि त्यांच्या संचालकांनी दूरध्वनी करून ते शांतपणे ऐकून घेतले. पुढच्या जानेवारीसाठीचे दरपत्रक नुकतेच हाती आले आहे. त्यात स्टोनहेंज सकाळी ठेवले आहे, कॉट्सवोल्ड्सला दुपारी एकची वेळ दिली आहे, रात्रीची दोन जेवणे ऐच्छिक केली आहेत आणि हॉटेलच्या वर्णनात ‘लिफ्ट नाही’ हे शब्द आले आहेत. दुकानांचा थांबा दुसऱ्या दिवसावर ढकलला आहे, काढलेला नाही; तेव्हा नोंदणी करताना त्या वेळात बाथमध्येच थांबता येईल का, हे लेखी विचारून घ्यावे.